सावेदादांचें यंत्र आणि कंपन्यांचे कॅमेरे

ठाण्याच्या खाडीवर 1973 सालीं पूल झाला आणि पलीकडच्या आगरी-कोळ्यांच्या वाशी गांवाचें दैव पालटलें. सिडकोची स्थापना त्यापूर्वीं तीन वर्षें, म्हणजे 1970 सालीं झाली होती. आगगाडी मात्र यावयास 1992 उजाडलें. ज्या ठिकाणीं एकेकाळीं होड्या लागत, तेथें आज सभागृहें उभीं आहेत, आणि लग्नसराई आली कीं त्या सभागृहांच्या पायीं घराघरांत एक वाद रंगतो. वधूपक्षाचें म्हणणें असें कीं, शेजारच्या सेक्टरांतला ओळखीचा व्हिडिओवाला बरा. एकटा येतो, घरच्या माणसासारखा वावरतो, पैसेहि बेताचे घेतो. वरपक्षाला कंपनी हवी असते. चार कॅमेरे, उडता ड्रोन, दिव्यांचा लखलखाट आणि हिशेबाचा छापील कागद! शिवाय एकटा माणूस ऐन मुहूर्तावर तापानें फणफणला तर मंगलाष्टकें दुसऱ्यांदा म्हणावयाचीं काय, हा त्यांचा बिनतोड प्रश्न.

वाद नवा वाटतो, परंतु मुंबईला तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

1896 च्या जुलै महिन्याच्या 7 तारखेस मुंबईंतील वॉटसन्स हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. हा खेळ पाहून जे चकित झाले, त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे एक होते. पेशानें ते छायाचित्रकार. इतर प्रेक्षक चकित होऊन घरीं गेले. सावेदादांनीं विलायतेंतील रायली बंधूंच्या पेढीकडे 21 गिनी मोजून चलच्चित्रें घेण्याचें यंत्र मागविलें. त्यांच्यामागें कंपनी नव्हती, भागीदार नव्हते, आणि या विद्येचा गुरूहि या देशांत त्यांना मिळण्यासारखा नव्हता. 1899 सालीं त्यांनीं मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डन्समध्यें पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची कुस्ती लावून ती चित्रित केली. फीत धुण्याची सोय येथें नव्हती, म्हणून ती विलायतेस पाठवावी लागली. आपण काय टिपलें आहे हें पाहावयास त्यांना किती धीर धरावा लागला असेल, याची कल्पना हल्लींच्या वधूवरांना येणें कठीण. त्यांना तर मांडव उतरण्यापूर्वींच चित्रें मोबाइलवर हवीं असतात!

त्याच साली केंब्रिज येथें सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1901 च्या डिसेंबरांत स्वदेशीं परतले. त्यांच्या स्वागताचें चित्र सावेदादांनींच घेतलें, आणि हिंदी माणसानें घेतलेला पहिला वार्तापट म्हणून त्याचा उल्लेख होतो. कोंकणांतल्या मुर्डी गांवच्या मुलानें साहेबाच्या घरीं जाऊन गणितांत पहिला नंबर मिळविला, ही गोष्ट टिपून ठेवावी असें एखाद्या परदेशी कंपनीला कशाला वाटेल? तें एका मुंबईकर छायाचित्रकाराला वाटलें. एकट्या कारागिराचें खरें मोल येथें कळतें. कोणता प्रसंग आपला, हें त्याला सांगावें लागत नाहीं.

परंतु दोष झाकून चालणार नाहीं. 1903 सालीं लॉर्ड कर्झन यांनीं दिल्लीस दरबार भरविला, त्याचेंहि चित्र सावेदादांनीं घेतलें. हत्तींची मिरवणूक, संस्थानिकांचे ताफे, फौजेची कवाईत. आणि हें सारें टिपणारा माणूस एक. एक यंत्र एका वेळीं एकाच बाजूस तोंड करणार. पाठीमागें जें घडलें तें कायमचें गेलें. पुढें 1911 सालीं पंचम जॉर्ज बादशहांचा दरबार झाला, तेव्हां चार्ल्स अर्बन यांची विलायती कंपनी अनेक चित्रकारांसह उतरली, आणि 1912 सालीं लंडनच्या स्काला थिएटरांत तो दरबार चक्क रंगांत दिसूं लागला. या बाबतींत वाशीच्या वरपक्षाचेंच खरें. जेथें एकाच वेळीं चार ठिकाणीं कांहीं घडतें, तेथें चार डोळे लागतात, आणि चार डोळ्यांना एका हुकमांत ठेवणारा कोणी लागतो.

सावेदादांनीं लवकरच हा उद्योग आवरता घेतला आणि ते गेइटी नाट्यगृहाची व्यवस्था पाहूं लागले. चित्रें घेण्यापेक्षां चित्रें दाखविण्यांत स्थैर्य अधिक, हें त्यांनीं ओळखलें असावें.

एकटेपण आणि कंपनी या दोहोंची चव एकाच जन्मांत कोणी घेतली असेल तर ती धुंडिराज गोविंद फाळके यांनीं. 1912 सालीं ते विलायतेहून यंत्र घेऊन आले. वाटाण्याचा अंकुर वाढतांनाचें लहानसें चित्र करून त्यांनीं भांडवलवाल्यांची खात्री पटविली, आणि विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे केले. घर हाच कारखाना. सरस्वतीबाई रात्री जागून फितीला भोकें पाडीत, ती धुण्याच्या कामींहि हात लावीत, आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे. (चरित्रकार या स्वयंपाकाला एक ओळ देतात, ती ओळ फार अपुरी आहे.) स्त्रीभूमिकेस बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहांतला साळुंके तारामती झाला. 3 मे 1913 रोजीं कॉरोनेशन थिएटरांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला.

यश आलें, तसा खर्चहि वाढला. 1918 च्या आरंभीं भागीदारांच्या भांडवलावर नाशिकास ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. आतां पैशाची विवंचना मिटली असें वाटावें, तोंच दुसरी उभी राहिली. भागीदारांना हिशेब हवा, ठरल्या वेळीं माल हवा. फाळक्यांना चित्र मनासारखें उतरेपर्यंत उसंत हवी. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या जागीं रास्त होतें, आणि म्हणूनच तडजोड होईना. 1919 सालीं फाळके कंपनी सोडून काशीस निघून गेले व तेथें ‘रंगभूमि’ हें नाटक लिहीत बसले. त्यांच्यामागें कंपनी चालू राहिली. चित्रपटहि निघत राहिले. 1922 सालीं ते परत आले. माणूस गेला तरी काम अडत नाहीं, हा कंपनीचा मोठाच गुण. पण ज्याचें नांव ऐकून लोक आले तोच माणूस काम करीत असेल असा भरंवसा तिच्यापाशीं नाहीं, हा तितकाच मोठा अवगुण. वाशींतल्या यजमानानें विसार देण्यापूर्वीं विचारावें तें हेंच: नमुन्याचें चित्र ज्यानें घेतलें, तोच आमच्या मांडवांत येणार काय?

सरकारचीहि या बाबतींत एकदां फजिती झाली. महायुद्धाच्या काळांत, 1943 सालीं, ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ हें खातें निघालें. युद्धप्रचाराचें खातें म्हणून लोकप्रतिनिधींचा त्यावर रोष. 1946 सालीं तें मोडण्यांत आलें. आणि वर्षभरांतच 15 ऑगस्ट 1947 चा दिवस उगवला! देशाच्या इतिहासांतला सर्वांत मोठा सोहळा, आणि सरकारजवळ स्वतःचें चित्रपथक नाहीं. तो सोहळा टिपण्याचें काम खासगी चित्रकारांवर पडलें. 1948 सालीं मुंबईंत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली. तीहि 2022 सालीं चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली.

राहिला प्रश्न जतनाचा, आणि येथें कंपनीवाल्यांनींहि फुशारकी मारूं नये. अर्बन यांच्या त्या रंगीत दरबारपटाचे तुकडेच काय ते उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच हातीं लागलीं, आणि तींहि 1917 च्या पुनर्निर्मितीचीं असावींत असें कांहीं अभ्यासक म्हणतात. पुण्यास प्रभातच्या जुन्या आवारांत 2003 सालीं आग लागून अनेक जुन्या फिती भस्म झाल्या. ज्वालाग्राही फीत आतां गेली, तिच्या जागीं हार्ड डिस्क आली. तीहि एक दिवस मुकाट्यानें बंद पडते.

मालकीविषयीं मात्र कायदा यजमानाच्या बाजूचा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें, मोबदला देऊन कोणी चित्र करवून घेतलें असेल, तर उलट करार नसतां पहिली मालकी करवून घेणाराची. चित्रकार एकटा असो वा कंपनी असो, नियम तोच. म्हणून छापील कागदावर सही करण्यापूर्वीं त्यांतील बारीक अक्षरें वाचावींत, आणि मूळ चित्रणाची प्रत मागून घ्यावी. एक घरीं, एक दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे.

हा कायदा झाला तेव्हां सावेदादा हयात होते. 1958 सालीं ते निवर्तले. त्यांची कुस्ती, त्यांचे रँग्लर परांजपे, त्यांचा दिल्ली दरबार, यांपैकीं एकहि चित्र आज पाहावयास मिळत नाहीं.