नाणेघाटांतील दहा हजार एक

जुन्नर-आंबेगांवच्या बाजूच्या मुलांस मोठी संख्या दाखवावयाची तर शिक्षकाला दूर जावयास नको. जुन्नरच्या पश्चिमेस, कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणें आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील प्राकृत लेख कोरलेला आहे. इ. स. १८२८ मध्यें साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या तो दृष्टीस पडला. त्यांतील अंकांचा उलगडा पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं केला.

लेखांत यज्ञांच्या दक्षिणांची यादी आहे: रुप्याचे १७ घट, ६,००१ कार्षापण, २४,४०० कार्षापण, १०,००१ गाई. हे अंक आपल्या रीतीनें मात्र लिहिलेले नाहींत. त्यांत शून्य नाहीं आणि स्थानमूल्यहि नाहीं. सतरा लिहावयाचे तर दहाचें चिन्ह व साताचें चिन्ह, अशीं दोन चिन्हें. दहा हजार एक लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हास दहाचें चिन्ह जोडावयाचें आणि पुढें एकाची आडवी रेघ मारावयाची. म्हणजे येथेंहि दोनच! लांबी पाहून संख्येचें मोठेपण ओळखण्याची आपली संवय तेथें निरुपयोगी ठरते.

आतां हा वरचा एक कशासाठीं? आपणहि आहेर करितांना शंभरावर एक ठेवितोंच. परंतु त्या एकानें संख्येचा स्वभाव पार पालटतो. दहा हजार ही मोठी सोशिक संख्या. तिला पंचवीस संख्यांनीं निःशेष भाग जातो. सोमयागांत सोळा ऋत्विज असतात. त्यांस दहा हजार गाई सारख्या वांटल्या असें हिशेबापुरतें धरलें, तर प्रत्येकास बरोबर ६२५ येतात. दहा हजार एक वांटूं गेल्यास एक गाय उरते. या संख्येस एक व ती स्वतः यांखेरीज केवळ ७३ आणि १३७ यांनींच भाग जातो. शिवाय कोणत्याहि चार अंकी संख्येस तिनें गुणा, ती संख्या दोनदां लिहिलेली मिळेल: १८२८ ला गुणिलें कीं १८२८१८२८. घरीं मुलांकडून करवून पाहावें.

हा शेवटचा चमत्कार नाणेघाटाच्या चिन्हांत कोणाच्या डोळ्यांस दिसला नसता. तो दिसण्यास शून्य व स्थानमूल्य हवें. गुण मात्र संख्येंत तेव्हांहि होताच. ७३ आणि १३७ यांचा गुणाकार नागनिकेच्या काळींहि १०,००१ च होता. लिपी बदलली, राज्यें गेलीं. त्यांत फरक पडला नाहीं.

त्या भिंतींवरील पुष्कळ अक्षरें आज झिजून गेलीं आहेत. घाटावर जाल तेव्हां मुलांस खालचें कोंकण दाखवाच. पण क्षणभर लेण्यांतहि न्या, आणि भिंतीस हात न लावतां ते अंक पाहूं द्या.