नाकाच्या शेंड्याची शस्त्रक्रिया : कापण्यापेक्षा सावरणे महत्त्वाचे

रेखीव नाकाला 'चाफेकळी' म्हणण्याची मराठीत जुनी रीत आहे. या उपमेचा सारा डौल आहे तो नाकाच्या निमुळत्या टोकात. नाकाचा बांधा सरळ असूनही शेंडा गोलसर, पसरट किंवा खाली झुकलेला असेल, तर नाक आहे त्यापेक्षा मोठे भासते. नाकाचा आकार बदलणाऱ्या शस्त्रक्रियेत, म्हणजेच ऱ्हायनोप्लास्टीत, हा शेंडा सर्वांत अवघड भाग समजला जातो. नाकाच्या मध्यावरील हाडाचा उंचवटा घासून कमी करता येतो. शेंड्यात मात्र हाड नसतेच. तिथे असतात त्या पातळ, लवचिक कूर्चा आणि त्यांच्यावर पसरलेली त्वचा.

शेंड्याची रचना

दोन्ही नाकपुड्यांच्या कडेने कमानीसारखी वळलेली एकेक कूर्चा असते. तिचा एक भाग दोन नाकपुड्यांमधील खांबात उतरतो, तर दुसरा नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीत जातो. ही कूर्चा जिथे वळते, तिथे शेंड्याचा सर्वांत पुढे आलेला बिंदू असतो. अमेरिकी शल्यविशारद जॅक अँडरसन यांनी या रचनेला तिपाईची उपमा दिली. मधल्या खांबातील दोन कूर्चा मिळून तिपाईचा एक पाय आणि बाजूच्या दोन कूर्चा हे उरलेले दोन पाय. मधल्या पायाला उंची दिली की शेंडा पुढे व वर जातो. तो खचला की शेंडा झुकतो. शेंड्यावरील जवळपास प्रत्येक शस्त्रक्रियेमागे हे साधे तत्त्व असते.

इतिहास

कापलेले नाक पुन्हा घडविण्याची विद्या आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आढळते. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याजवळ झालेल्या अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ साली छापला होता. त्यात कपाळावरील त्वचेपासून नवे नाक घडविले होते.

धडधाकट नाकाचा शेंडा सुबक करण्याचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील जॉन ऑर्लंडो रो यांनी १८८७ मध्ये बसक्या, फुगीर शेंड्यावरील शस्त्रक्रियेचा निबंध प्रसिद्ध केला. चेहऱ्यावर व्रण राहू नये म्हणून त्यांनी नाकाच्या आतून छेद घेतला होता. पुढे दीर्घकाळ 'जास्तीचे ते कापून टाकावे' हाच विचार प्रबळ राहिला. शस्त्रक्रियेनंतर लगेच नाक देखणे दिसे. परंतु काही वर्षांनी आधार गमावलेल्या कूर्चा आत ओढल्या जात, शेंडा चिमटल्यासारखा दिसे आणि काहींना श्वास घेणेही कठीण होई. या अनुभवातून आजच्या पद्धती घडल्या.

प्रमुख पद्धती

छेद दोन प्रकारे घेतात. 'बंद' पद्धतीत सर्व छेद नाकपुडीच्या आत असतात. 'खुल्या' पद्धतीत दोन नाकपुड्यांमधील खांबावर लहानसा छेद घेऊन त्वचा वर उचलतात, त्यामुळे कूर्चा स्पष्ट दिसतात. बुडापेस्टच्या ऑरेल रेथी यांनी मांडलेली ही पद्धत टोरोंटोच्या विल्फ्रेड गुडमन यांच्या १९७३ मधील लेखानंतर उत्तर अमेरिकेत रुजली. बारीक व्रण राहतो, मात्र तो बहुधा सहज लक्षात येत नाही.

कूर्चेची छाटणी : बाजूच्या कूर्चेची वरची कड थोडी कापून शेंड्याचा फुगीरपणा कमी करतात. मात्र किमान ६ ते ८ मिलिमीटर रुंदीची अखंड पट्टी राखणे आवश्यक मानले जाते.

टाके : पसरट वळणाला बारीक टाका घालून ते टोकदार करता येते, दुसरा टाका दोन्ही बाजूंच्या कूर्चा जवळ आणतो. यात कूर्चा गमवावी लागत नाही आणि आकार न जमल्यास टाका तिथेच सोडून पुन्हा घालता येतो. हा या पद्धतीचा मोठा फायदा.

कूर्चेचे रोपण : नाकाच्या मधल्या पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून घेतलेला कूर्चेचा तुकडा खांबात बसविला की झुकणाऱ्या शेंड्याला टेकू मिळतो. अमेरिकेतील जॅक शीन यांनी १९७५ मध्ये वर्णिलेला ढालीच्या आकाराचा तुकडा शेंड्याला पुढे आणतो व रेखीव करतो. पडद्यातून कूर्चा घेताना वरच्या व पुढच्या कडेला सुमारे १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी राखावी लागते, अन्यथा नाकच खचू शकते.

जाड त्वचेचा प्रश्न

अनेक भारतीयांच्या शेंड्यावरील त्वचा जाड व तेलकट असते. जाड रजईखाली ठेवलेल्या वस्तूच्या कडा जशा दिसत नाहीत, तसेच येथे होते. अशा नाकात कूर्चा अधिक कापल्याने शेंडा बारीक होत नाही. उलट आधार गेल्याने तो अधिकच बेढब होतो आणि शेंड्याच्या वर सूज व व्रणऊती साचून नाक पोपटाच्या चोचीसारखे दिसू लागते. म्हणून जाड त्वचेच्या नाकाला आतून भक्कम आधार द्यावा लागतो. पातळ त्वचेत अडचण नेमकी उलटी असते : कूर्चेची लहानशी कडही बाहेरून उठून दिसते.

निर्णयापूर्वी

बाहेरचे टाके साधारण आठवड्यात निघतात. डोळ्यांभोवती काळेनिळेपणा आल्यास तो दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. शेंड्याची सूज मात्र सर्वांत शेवटी उतरते. अंतिम आकार दिसण्यास वर्षभर, जाड त्वचेत त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यामुळे दुरुस्तीची शस्त्रक्रिया करायची झाल्यास किमान वर्षभर थांबण्याचा सल्ला दिला जातो. धूम्रपानाने जखम भरण्यास अडथळा येतो; रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे व ती परस्पर बंद करू नयेत.

शस्त्रक्रियेऐवजी इंजेक्शनने द्रव भरून शेंडा उठावदार करण्याचाही प्रघात आहे. त्याने मोठा शेंडा लहान होत नाही, आणि द्रव रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मरण्याचा, क्वचित दृष्टी जाण्याचाही धोका असतो.

लग्न ठरण्याच्या घाईत किंवा नटनटीचे छायाचित्र दाखवून 'अगदी असेच नाक हवे' अशी मागणी करणाऱ्यांनी थोडे थांबलेले बरे. माझी त्वचा जाड आहे की पातळ, कूर्चा किती काढणार, आधार कशाने देणार, श्वासावर काय परिणाम होईल, हे प्रश्न शल्यविशारदाला जरूर विचारावेत. शेंडा किती बारीक होईल, याआधी तो दहा वर्षांनी कसा राहील आणि त्या नाकाने श्वास मोकळा घेता येईल का, याचे उत्तर मिळणे अधिक मोलाचे आहे.