चावडी, चर्च आणि कचेरी

१८५५, शिराळा

तुम्ही केकताडाचा वाख वळताय. मांडीवर ठेवून तळहातानं दाबत न्यायचा, पीळ बसला की पुढचा वाख जोडायचा. दुपार होईतो मांडीची कातडी सोलवटून निघते. मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, सगळं तुमच्याच हातचं. तयार दोर पाटलाच्या दारात टाकायचा, त्याच्या हातात द्यायचा नाही. बलुत्याचं धान्यही तसंच वरून पदरात पडतं.

मोरणेच्या काठचं हे गाव. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. त्याला तुम्ही हात जोडता ते लांबून. नागपंचमीला मिरवणूक निघते तेव्हा हलगी तुमच्या हातात असते, पण वाजवणाऱ्यानं किती अंतर ठेवायचं हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. साताऱ्याचं राज्य खालसा होऊन सात वर्षं झालीत. वर राजा बदलला. मांगवाडा होता तिथंच आहे.

याच वर्षी तुमच्याच जातीच्या एका चौदा वर्षांच्या मुलीनं पुण्यात हातात लेखणी धरलीय. तिचं नाव मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली. मांग-महारांच्या दुःखाविषयी ती लिहिते. पेशवाईत तालमीसमोरून जाणाऱ्या मांगा-महाराचं मस्तक उडवत, वाड्यांच्या पायात माणसं पुरत, हे ती सांगते. ज्या धर्माचा ग्रंथ आम्हाला बघायचीही मुभा नाही तो आमचा धर्म कसा, असा तिचा रोकडा सवाल आहे. निबंध छापला ‘ज्ञानोदय’नं. १८४२ साली नगरला सुरू झालेलं हे अमेरिकन मिशनचं नियतकालिक.

तो अंक तुमच्यापर्यंत येत नाही. आला असता तरी मांगवाड्यात वाचणार कोण होतं? पण ही शाई कुठून आली ते बघायचं असेल, तर नऊ वर्षं मागं आणि समुद्रापलीकडे चला.

१८४६, ऑल्बनी, न्यूयॉर्क राज्य

सभागृहात जमलेले सगळे ख्रिस्ती आहेत आणि सगळे चिडलेले. राग आहे तो बोस्टनच्या अमेरिकन बोर्डावर, म्हणजे ज्यांनी पाठवलेले पहिले अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईला पोचले, ज्यांनी नगरचं ठाणं उभं केलं, त्यांच्यावरच. तीनच वर्षांनी हेच बोर्ड साताऱ्यातही मिशन सुरू करणार आहे.

भांडण गुलामगिरीवरून आहे. काळी माणसं विकत घेऊन राबवणाऱ्यांची देणगी बोर्डानं घ्यावी का? मूळनिवासी चेरोकी आणि चॉक्टॉ लोकांत मिशननं उभारलेल्या चर्चमध्ये गुलामांचे मालक सभासद आहेत, त्यांचं काय करायचं? बोर्ड स्पष्ट बोलत नाही. देणगीदार दुखावतील, काम अडेल, हळूहळू होईल, अशी उत्तरं येतात. ही मंडळी शेवटी वेगळी होतात आणि अमेरिकन मिशनरी असोसिएशन नावाची आपली संस्था काढतात.

तुम्हाला इंग्रजी कळत नाही. पण घरचा अन्याय हळूहळू बघू म्हणायचं आणि परक्या मुलखात जाऊन समता सांगायची, ही रीत कळायला भाषा लागत नाही. शिराळ्याच्या चावडीतही तसंच बोलतात.

म्हणून ‘ज्ञानोदय’ खोटा ठरतो का? नाही. मुक्ताचा निबंध त्यानंच छापला. पैसे कोणाचे हा प्रश्न खरा आणि छापलेली पानंही खरी. यातलं एक लपवलं की दुसऱ्याचीही किंमत जाते.

१८७३, पुणे

जोतीरावांचं घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. ते शिकले स्कॉटिश मिशनच्या शाळेत. मिशनरी त्यांचे मित्र, पण बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही. यंदा त्यांचं ‘गुलामगिरी’ छापून आलंय. पहिलंच पान उघडा. पुस्तक अर्पण केलंय ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरून.

कटगुणच्या माळ्यानं शूद्र-अतिशूद्रांचं दुःख आणि कापसाच्या मळ्यातल्या काळ्या माणसाचं दुःख एका ओळीत मांडलं. अमेरिकेला त्यांनी हात जोडले ते तिच्या धर्मासाठी नव्हेत, तिच्या एका कृतीसाठी. धर्माला कृतीवरून तोलायची ही सवय लक्षात ठेवा.

१८९६, मिरज

आता तुम्ही त्या दोर वळणाऱ्याचे नातू आहात. आईला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालंय. बैलगाडीतून, वाटेत मुक्काम करत, तुम्ही तिला मिरजेला आणलंय. डॉ. विल्यम वॉनलेस सात वर्षांपूर्वी इकडे आला. आधी सांगलीत दवाखाना काढला, मग १८९४ साली मिरजेत हे इस्पितळ. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं.

गावाकडचा वैद्य अंगणाबाहेर उभं करून लांबूनच विचारपूस करायचा आणि पुडी फेकायचा. हा साहेब येतो, आईची हनुवटी धरतो, अंगठ्यानं पापणी वर करतो. आई दचकून मागं सरते. ‘शिवू नका, मी मांगीण हाय,’ असं ती म्हणते. त्याला ते समजलं की नाही कोण जाणे, त्याचा अंगठा पापणीवरून हलत नाही. मोतीबिंदू आहे, काढता येईल, असं मदतनीस मराठीत सांगतो.

काही दिवसांनी पट्टी सुटते. आई तुमच्याकडं बघते आणि म्हणते, ‘किती वाळलास रं.’

तुम्ही ख्रिस्ती झालात ते इथं. पोटासाठी झालात असं गाव म्हणेल, साहेबानं भुलवलं असंही म्हणेल. पापणीवरचा तो अंगठा गावानं पाहिलेला नाही.

आणि हेही त्याच वर्षीचं: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मे महिन्यात प्लेसी खटल्यात निकाल दिला, की काळ्यांना रेल्वेचा वेगळा डबा देणं घटनेला धरून आहे. ज्या देशाच्या पैशावर मिरजेत तुमच्या आईला दृष्टी आली, त्या देशात तुमच्यासारख्याला वेगळ्या डब्यात बसावं लागतं.

१९१५च्या सुमारास, पुन्हा शिराळा

बाप्तिस्मा झाला, नाव बदललं. विहीर बदलली नाही. मिशनची ठाणी आता कोल्हापूर, सांगली, मिरज, कोडोलीला आहेत, पण रात्री तुम्हाला जावं लागतं ते चावडीवर. १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तुम्ही काय केलं हे कोणी विचारत नाही; कोणाच्या पोटी जन्मलात एवढं पुरतं. नाव पुकारलं की ‘हाजीर’ म्हणायचं. पाहुण्यांच्या गावी जायचं तरी परवानगी. सरकारनं अशा जमातींसाठी ठिकठिकाणी वसाहती काढल्या आणि त्यांतल्या काही चालवायला मिशनांनी घेतल्या. शाळा आणि पहारा एकाच आवारात. शेजारच्या वाटेगावात पाच वर्षांनी जन्मणारे अण्णा भाऊ साठे या हजेरीची आणि तिच्याविरुद्धच्या बंडाची गोष्ट ‘फकिरा’त लिहितील आणि ती कादंबरी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण करतील.

रविवारी तुम्ही वारणेपलीकडच्या एका खेड्यात उपासनेला जाता. पुढं महारवाड्यातली ख्रिस्ती घरं बसतात, मागं तुम्ही. तसं बसा म्हणून कोणी सांगितलेलं नाही. प्रभुभोजनाचा प्याला पुढून मागं येतो. मागून पुढं कधी जात नाही. एकदा तुमची पोरगी पुढच्या चटईवर जाऊन बसली, तर शेजारच्या बाईनं लुगडं आवरून घेतलं. पाळकांनी पाहिलं आणि पुढचं गीत सांगितलं. लग्नाच्या पंगतीत तर पान वेगळंच.

घरी येताना तुमची बायको म्हणते, ‘देव एक हाय म्हणत्यात, मग चटया दोन कशापायी?’ तुम्ही तिला गप्प करता. बाहेर कळलं तर गाव हसेल. कोणी विचारलं तर सगळे ख्रिस्ती एकच सांगतात, आमच्यात जात नाही. तुम्हीही तेच सांगता.

१ जानेवारी १९३८, सोलापूर

सभेत आता तुमचा मुलगा बसलाय. बाबासाहेब आंबेडकर ख्रिस्ती मंडळींसमोर बोलतायत. हिंदू म्हणून मरणार नाही, ही येवल्यातली घोषणा होऊन दोन वर्षं उलटलीत, त्यामुळं श्रोत्यांना मोठी आशा आहे. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांची आपल्याला ओढ वाटते, असं ते म्हणतातही. पण पुढं दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळतात याचा दाखला देतात, आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज म्हणून तुम्ही कधी लढला नाहीत, असं तोंडावर सांगतात.

आजूबाजूचे लोक चुळबुळतात. तुमच्या मुलाला मात्र दोन चटया आठवतात. हात वर करून तेवढं सांगावं असं त्याला वाटतं. तो हात वर करत नाही.

बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज केला आहे, त्याची प्रत मिळेल का, अशी विचारणा त्यात होती. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेतला धागा त्र्याहत्तर वर्षांनी पुन्हा जुळला. त्या पत्रव्यवहारात आपल्या बाजूनं चर्च कुठंच नव्हतं.

१९५० ते आज

आता शेवटचा टप्पा, तुमच्या स्वतःच्या काळातला. शिराळ्याच्या तहसील कचेरीत तुम्ही जातीच्या दाखल्यासाठी उभे आहात. शेजारी चुलतभाऊ आहे. मूळ पूर्वज एक, वाख वळणारे. चुलतभावाच्या शाखेनं धर्म बदलला नाही. त्याचा अर्ज अनुसूचित जातीत जातो, तुमचा जात नाही.

१० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचं तिसरं कलम सांगतं, की अनुसूचित जात हिंदूंपुरतीच. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. महाराष्ट्रात तुम्हाला इतर मागासवर्गात जागा मिळते. राखीव मतदारसंघ मिळत नाही, आणि उद्या कोणी जातीवरून मारलं तर अॅट्रॉसिटीचा कायदाही तुमच्या कामाचा नाही. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ साली हे धर्माचं कुंपण काढा असं सुचवलं. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला.

सरकारचा युक्तिवाद साधा आहे: ख्रिस्ती धर्मात अस्पृश्यता नाही, मग सवलत कशाची? १९८५ साली मद्रासच्या एका ख्रिस्ती झालेल्या चर्मकाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. रस्त्यावर बसून काम करणाऱ्या चर्मकारांना सरकार टपऱ्या देत होतं, त्याला नाकारली. न्यायालय म्हणालं, धर्म बदलल्यावरही जातीचा जाच नव्या समाजात तितकाच टिकून आहे, हे दाखवून द्या.

दाखवणार काय? दोन चटया होत्या, पण त्या कोणी कुठं लिहून ठेवल्या? ‘आमच्यात जात नाही’ हे वाक्य चार पिढ्या अब्रू झाकायला बोललं गेलं, आणि आज ते तुमच्याच विरुद्ध साक्ष देतंय. अन्याय झाला हे सांगायची चर्चला लाज वाटली, आणि त्या लाजेची किंमत तुम्ही खिडकीशी उभं राहून मोजताय.

म्हणून इतिहासाचा हिशेब हा विद्वानांचा छंद नाही, तो कागदोपत्री पुरावा आहे. मिरजेतला अंगठा त्यात लिहायचा, नगरची शाई लिहायची, बोस्टनची चालढकल लिहायची, हजेरीचा कायदा लिहायचा आणि पंगतीतलं वेगळं पानही लिहायचं. मिशन म्हणजे निव्वळ उपकार म्हणणाऱ्यांना यातलं अर्धं नको असतं, मिशन म्हणजे निव्वळ कावा म्हणणाऱ्यांना उरलेलं अर्धं. जातीनं माणूस नाडला हे राज्यानं कबूल केलं, पण धर्म पाहून. जात आपल्या दारातून आत आली हे चर्चनं कबूल करायचं अजून बरंचसं बाकी आहे. फुल्यांनी धर्म कृतीवर तोलला होता. तो तराजू चर्चनं आधी स्वतःला लावावा. मग कचेरीच्या खिडकीशी बोलताना तुमच्या आवाजाला वजन येईल.