खवळत्या नदीत उतरण्यापूर्वी



नदी आपल्याला नवी नाही. पावसाळ्यात पूर आला की गावचा नावाडी काठावर उभा राहतो, पाणी न्याहाळतो आणि म्हणतो, ‘आज तर बंद.’ आपण चडफडतो, पण त्याचे ऐकतो. मात्र नदी आडवी ओलांडणे निराळे, आणि तिच्या धारेबरोबरच डोंगरदऱ्यांतून खाली वाहत जाणे निराळे. तसे जाणारेही लोक आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो नावाची नदी आहे. ॲरिझोना राज्यात तिने सुमारे दीड किलोमीटर खोल घळ कोरली आहे. तिला ‘ग्रँड कॅन्यन’ म्हणतात. आज हजारो हौशी माणसे वाटाड्या बरोबर घेऊन रबरी तराफ्यांतून या घळीतून जातात. निघण्याआधी त्यांच्या हातात सूचनांची एक लांबलचक यादी पडते. शिधा असा बांधा, जाकीट असे घाला, परवाना आधी काढा. पुष्कळांना ती यादी कंटाळवाणी वाटते. आज मी तुम्हांला त्या यादीचाच इतिहास सांगणार आहे.

पहिले पान आहे १८६९ सालचे. जॉन वेस्ली पॉवेल हा भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. यादवी युद्धात, १८६२ साली, त्याचा उजवा हात गेला होता. नकाशावर या नदीचा कितीतरी भाग कोरा होता. तो भरून काढायचा, असे या एकहाती माणसाने ठरवले. २४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधील ग्रीन नदीवरून दहा माणसे आणि चार होड्या निघाल्या. दहा महिन्यांचा शिधा बरोबर होता. म्हणजे तयारी केली नव्हती असे नाही, बरं का! शिधा मुद्दाम वेगवेगळ्या होड्यांत वाटून ठेवला होता. पण जून महिन्यात एक होडी खडकावर आदळून फुटली, आणि त्या वेळी लक्षात आले की सगळे वायुभारमापक नेमके तिच्यातच राहिले होते. जागेची उंची या यंत्रावरून काढायची. नदी अजून किती खाली उतरायची आहे, हे त्यावरूनच समजणार. नशीब म्हणून पुढे त्या फुटक्या होडीच्या अवशेषांत ती यंत्रे सापडली. शिधा मात्र गेला तो गेलाच.

उरलेला शिधा रोज भिजत होता. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पिठाला बुरशी धरली आणि मांस नासले. साखर तर विरघळून नदीलाच मिळाली. कुबट पीठ मच्छरदाणीच्या कापडातून चाळायचे, त्याच्या भाकऱ्या करायच्या, जोडीला वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी आणि कॉफी. एवढ्यावर माणसे वल्ही मारीत होती. होड्याही या पाण्याजोग्या नव्हत्या. त्यांचे बूड गोल, त्यामुळे खडकांमधून झटकन वळवता येत नसत. वल्हेकरी प्रवाहाकडे पाठ करून बसत, म्हणजे समोरचे संकट त्यांनाच दिसत नसे.

२७ ऑगस्टला पुढे एक भयंकर खळाळ दिसला. त्या रात्री तिघांनी सांगितले, ‘आम्ही यापुढे येत नाही.’ ओ. जी. हाउलंड, त्याचा भाऊ सेनेका आणि विल्यम डन. पॉवेलने ताऱ्यांवरून आपली जागा काढली आणि अंतराचा अंदाज बांधला. शेवट फार दूर नसावा असे त्याला वाटत होते. पण वाटणे निराळे आणि ठाऊक असणे निराळे. पुढे किती खळाळ आहेत, याचे उत्तर तो देऊ शकला नाही. रात्रभर तो वाळूत येरझारा घालीत होता. सकाळी ते तिघे कडा चढून गेले. बाकीच्यांनी एक होडी तिथेच सोडली, उरलेल्या दोन होड्या पाण्यात घातल्या आणि ते सुखरूप पार झाले. दुसऱ्याच दिवशी घळ संपली! वर गेलेले ते तिघे पठारावर मारले गेले. कोणी मारले, याचा वाद अजून मिटलेला नाही. त्यांना भित्रे म्हणू नये. तीन महिने त्यांनी जिवावर उदार होऊन वल्ही मारली होती. पुढे काय आहे हे सांगणारा माणूस मात्र त्यांच्याजवळ नव्हता.

दुसरे पान १८८९ सालचे. नदीकाठाने रेल्वे नेता येईल का, हे पाहायला फ्रँक ब्राउन नावाचा कंपनीचा अध्यक्ष निघाला. जीवरक्षक जाकिटे त्याने घेतली नाहीत. १० जुलैला त्याची होडी उलटली आणि तो बुडाला. पाचच दिवसांनी आणखी दोघे बुडाले. त्याचा इंजिनीअर रॉबर्ट स्टॅंटन माणसांना घेऊन परत फिरला. परत फिरण्याची लाज त्याने बाळगली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच हिवाळ्यात तो अधिक मजबूत होड्या आणि बुचाची जाकिटे घेऊन पुन्हा आला, आणि १८९० च्या एप्रिलमध्ये थेट समुद्रापर्यंत पोहोचला. रेल्वे काही झाली नाही, पण जाकीट यादीत आले ते कायमचे.

तिसरी गोष्ट शिकवली ती नॅथानिएल गॅलोवे या फासेपारध्याने. सपाट बुडाची हलकी होडी त्याने बनवली, आणि प्रवाहाकडे तोंड करून बसू लागला. धार पुढे ओढते आहे, तेव्हा वल्ही उलटी मारून वेग कमी करायचा आणि खडक पाहून वाट काढायची. म्हटले तर साधी युक्ती. आजही नावाडी हेच करतात.

पुढे १९३८ साली नॉर्मन नेव्हिल्स याने पैसे घेऊन उतारू नेण्यास सुरुवात केली. त्या पहिल्याच सफरीत एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ बाई होत्या. ही घळ होडीने पार करणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. वाटेत त्यांनी झाडाझुडपांचे नमुनेही गोळा केले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचे उरलेले रबरी तराफे स्वस्तात मिळू लागले आणि मग गर्दी लोटली. १९७२ साली वर्षाकाठी सोळा हजारांवर माणसे गेली, तेव्हा सरकारला संख्येवर मर्यादा घालावी लागली. आज परवान्याशिवाय कोणी पाण्यात उतरू शकत नाही. स्वतःच्या जबाबदारीवर जाणाऱ्यांना तो सोडतीने मिळतो, आणि निघण्यापूर्वी वनरक्षक त्यांचे सामान तपासतात. काठावर घाण ठेवायची नाही. माणसाची विष्ठासुद्धा डब्यात भरून परत आणायची.

नदीही बदलली आहे. १९६३ साली वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडवण्यास सुरुवात झाली. आता पाणी येते ते जलाशयाच्या पोटातून, उन्हाळ्यातही गारठणक. किती यायचे हे विजेच्या मागणीवर. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिकेवर तराफे सोडतात, तेही वीजघराचे पाणी आल्यावरच. तेव्हा आजच्या वाटाड्याला नदीइतकेच धरणाचे वेळापत्रकही ठाऊक असावे लागते.

सफर ठरवताना माणसे पैशांचा आणि दिवसांचा हिशेब करतात. मोटरीच्या तराफ्याने आठवडाभर लागतो, वल्ह्यांनी गेल्यास दोन आठवडे किंवा अधिक. हा हिशेब हवाच. पण खरे विचारायचे ते वाटाड्याला. तू या पाण्यातून किती वेळा गेला आहेस? पाणी चढले तर काय करशील? कोणत्या वेळी परत फिरशील? १८६९ च्या त्या रात्री पॉवेलला जे सांगता आले नाही, ते सांगू शकतो तोच वाटाड्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांची सहल नदीकाठी किंवा धरणावर नेताना तुम्हीही सूचना वाचून दाखवता. मुले कुजबुजत असतात. एखादा मुलगा विचारतो, ‘गुरुजी, हे कशाला?’ त्याला गप्प बसवू नका. त्याला ब्राउनची गोष्ट सांगा, त्या तिघांची सांगा. आणि गावचा नावाडी ‘आज तर बंद’ म्हणाला, तर मुलांना घेऊन काठावरूनच परत फिरा. नदी उद्याही तिथेच असेल.