शरीरात उरलेले मोजताना

किरणोत्सर्ग मोजायचा म्हणजे गायगर काउंटर फिरवून टिकटिक ऐकायची, हे चित्र मनात घेऊनच बहुतेक विद्यार्थी या विषयाकडे वळतात. कातडीवर, केसांत, कपड्यांवर बसलेली धूळ तशी सापडतेही. पण श्वासातून, पाण्यातून, खोबऱ्यातून आत गेलेल्या कणांचा हिशेब मांडायला भौतिकशास्त्राइतकीच माणसांच्या रोजच्या जेवणाचीही माहिती लागते. त्यामुळे डॉक्टर असोत, रसायनशास्त्रज्ञ असोत की मानवशास्त्राचे अभ्यासक, इथे सगळ्यांचे स्वागत आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर ‘कॅसल ब्राव्हो’ ही चाचणी केली. स्फोट १५ मेगाटनांचा झाला, अपेक्षेच्या सुमारे अडीचपट. काही तासांतच राँगेलॅप बेटावर प्रवाळाची पांढरी भुकटी पडू लागली. मुले तिच्यात खेळली. लोकांना हलवायला दोन दिवस लागले. त्या भुकटीतले आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे होते आणि लघवीचे नमुने घेतले गेले तेव्हा दोन आठवडे उलटले होते. तेही अनेकांचे एकत्र केलेले. कोणत्या मुलाच्या थायरॉइडला किती मात्रा मिळाली, हे त्यावरून मागे जात अंदाजानेच काढावे लागले. थायरॉइडच्या गाठी १९६३ पासून दिसू लागल्या, विशेषतः स्फोटाच्या वेळी लहान असलेल्यांत.

सीझियम-१३७ मोजायला सोपे. ते स्नायूंत पसरते आणि त्याचे गॅमा किरण शरीराबाहेर येतात. माणसाला जाड पोलादी खोलीत बसवून सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाने ते टिपतात. (पोलाद अणुयुगापूर्वीचे मिळाले तर उत्तम, नंतरच्या पोलादातही किंचित किरणोत्सर्ग मुरला आहे.) त्या खोलीत कोणीही बसले तरी आकडा शून्य येत नाही, कारण प्रौढ शरीरातल्या पोटॅशियम-४० चे सुमारे ४,००० अणू दर सेकंदाला फुटत असतात. त्यांच्या किरणांची ऊर्जा वेगळी असते म्हणून सीझियम निवडता येते. स्ट्राँशियम-९० हाडात जाऊन बसते आणि बाहेरून जवळपास दिसतच नाही. त्यासाठी लघवी तपासावी लागते, किंवा सेंट लुईसमध्ये १९५८ पासून जमवले तसे मुलांचे दुधाचे दात.

प्रौढाच्या शरीरातले सीझियम साधारण तीन महिन्यांत निम्मे बाहेर पडते. म्हणजे हा आकडा मुख्यतः गेल्या काही महिन्यांच्या जेवणाबद्दल बोलतो, १९५४ बद्दल नव्हे. चाचण्यांसाठी हलवलेल्या आणि पुढे बिकिनीवर परतलेल्या कुटुंबांत तिथले नारळ खाण्यात आल्यावर सीझियम वाढत गेले आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावे लागले.

राँगेलॅपच्या लोकांना १९५७ मध्ये परत नेले होते. आम्हाला नुसते तपासतात, ही त्यांची तक्रार पुढे वर्षानुवर्षे राहिली. १९८५ मध्ये ते आपणहून बेट सोडून गेले. ही तक्रार विषयाबाहेरची आहे, असे मी मानत नाही.

पुढे कोष्टके भरपूर येतील. त्यांतला आकडा वहीत उतरवण्याआधी तो किती दिवसांनी घेतला, कशातून घेतला आणि ज्याच्या शरीरातून आला त्याला सांगितला का, हे शोधा. सापडले नाही तर तसे शेजारी लिहून ठेवा.