जालन्याजवळचे बेथेल



जालना जिल्ह्याचा इतिहास निघाला की शाळेत दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक जांब गावाची, जेथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. आणि दुसरी असईच्या लढाईची, १८०३ सालची. दोन्ही सांगाव्यात अशाच आहेत. मला मात्र आज तिसरी सांगायची आहे. तीत लढाई नाही, गडकोट नाहीत. मुंबईतले एक ब्राह्मणाचे घर दुभंगते, आणि वीसएक वर्षांनी जालन्याच्या माळावर एक नवे गाव वसते, एवढीच ती गोष्ट. त्या गावाचे नाव बेथेल. तुम्ही म्हणाल, हे कसले नाव? आपल्याकडे वाडी असते, पिंपळगाव असते, बेथेल कुठून आले? शब्द हिब्रू आहे. त्याच्याकडे मी येतोच. आधी मुंबईला जाऊन येऊ.

साल १८४३. जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्याने मुंबईत काही वर्षांपूर्वी काढलेल्या शाळेत नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण शिकत होता. हुशार, वादात पटाईत. त्या सप्टेंबरात त्याने बाप्तिस्मा घेतला. शहरात खळबळ उडाली, पण ती निवली असती. खरी आग लागली ती धाकट्या भावामुळे. श्रीपती हा जेमतेम बारा वर्षांचा मुलगा भावाच्या पाठोपाठ मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनी कोर्टाची पायरी चढली. सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे प्रकरण आले. मुलगा अज्ञान आहे, त्याचा ताबा बापाचा, असा निकाल होऊन श्रीपतीला बापाच्या हवाली करण्यात आले.

मुलगा घरी आला खरा, पण जातीत येईना. तो पाद्र्यांच्या घरी जेवला होता ना! तेव्हा बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले. १८३२ साली 'दर्पण' काढून मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारे हेच ते बाळशास्त्री. प्रायश्चित्त देऊन पोराला पदरात घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. कर्मठ मंडळी खवळली, मुंबईत तट पडले, आणि बाळशास्त्र्यांसारख्या विद्वानाला स्वकीयांचा रोष सोसावा लागला. बारा वर्षांच्या पोराने कुणाच्या पंक्तीला चार घास खाल्ले, यावर मोठमोठी पागोटी महिनोन् महिने भांडत होती, बघा.

मला विचाराल तर या प्रकरणात दुष्ट असा कुणीच नव्हता. बापाला आपले मूल हवे होते, त्यात काय चुकले? नारायणाला आपला विश्वास लपवून जगायचे नव्हते, त्यातही काही चुकले नाही. पण दोन भावांचे ताट वेगळे झाले, ते झालेच. आपल्या समर्थांचेही मूळ नाव नारायणच. तेही घर सोडून गेले आणि थोरले बंधू गंगाधर मागे राहिले. परंतु त्यांच्या परतीची वाट कुणी बंद केली नव्हती. या दुसऱ्या नारायणाच्या वाट्याला तसे आले नाही.

पुढे नारायणराव पाळक झाले, आणि १८६० नंतरच्या दशकात त्यांनी कामासाठी जालना निवडले. त्या काळी जालना निजामाच्या मुलखात, हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या छावणीचे ठिकाण. आगगाडी यायला अजून तीसेक वर्षे होती. मुंबईचा इंग्रजी शिकलेला माणूस येथे बैलगाडीने यायचा. एवढे शिकलेल्या ब्राह्मणाने येऊन बोलावे कुणाशी? वकिलांशी, देशपांड्यांशी, छावणीतल्या मुन्शींशी, असे कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ऐकणारे भेटले ते मांगवाड्यात.

मांग समाजाचे तेव्हाचे जिणे शिक्षक बंधुभगिनींना नव्याने सांगायला नको; पण मुलांना जरूर सांगा. वाखाचे दोर वळायचे, सुगीला शेतकऱ्याला नाडे-सोल पुरवायचे, लग्नात हलगी वाजवायची, आणि बदल्यात खळ्यावर बलुते घ्यायचे. मिळेल ते, देईल तेवढे. घर गावकुसाबाहेर, पाणी दुसऱ्याने ओतले तर. ज्याच्या दोराने अख्खा गाव पाणी शेंदतो त्याने विहिरीला शिवायचे नाही. आणि ज्ञानाची गोष्ट तर बोलूच नका.

येथे एक मुलगी आठवते, जालन्याची नव्हे, पुण्याची. मुक्ता साळवे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली, मांग समाजातली, अगदी कोवळ्या वयाची. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकात छापून आला. मांग-महारांचे दुःख तिने त्यात मांडले आणि देवालाच विचारले की वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर मग आमचे पुस्तक कोणते, आमचा धर्म कोणता? मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती, होण्यासाठी तिने हे विचारलेही नव्हते. पण तो प्रश्न एकट्या पुण्यातल्या मांगवाड्याचा थोडाच होता! दहाएक वर्षांनी जालन्याकडे एक माणूस हातात पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, हे घ्या, हे तुम्हीही वाचायचे. नारायणरावांचे ऐकणारे मांगवाड्यातच का भेटले, याचे निम्मे उत्तर मुक्ताच्या निबंधात आहे असे मला वाटते.

उरलेले निम्मे उत्तर जमिनीत आहे. नुसता बाप्तिस्मा देऊन भागत नाही, हे नारायणरावांनी ओळखले. नव्या ख्रिस्ती माणसाला गावात दोराचे गिऱ्हाईक राहिले नाही, बलुते बंद पडले, तर तो खाणार काय? त्यांनी हैदराबादच्या दरबारात शब्द टाकला. तेथे दिवाण होते सर सालारजंग. त्यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळाली आणि गाव वसले. जरा थांबून विचार करा: मुसलमान राज्याचा दिवाण एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाला जमीन देतो, आणि तीवर घरे बांधतात मांग. इतिहासाच्या पुस्तकात आपण जे कप्पे पाडतो, ते या माळावर टिकत नाहीत.

आता त्या नावाविषयी. पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीमध्ये, याकोबाची कथा आहे. याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ. याकोबाने लबाडी करून भावाच्या वाट्याचा आशीर्वाद मिळवला, भाऊ जिवावर उठला, म्हणून हा घर सोडून पळाला. वाटेत रात्र झाली. उघडा माळ, उशाला धोंडा. झोपेत त्याला पृथ्वीपासून आकाशाला टेकलेली शिडी दिसली, तिच्यावरून देवदूत चढत-उतरत होते. जागा झाल्यावर तो म्हणाला की देव येथे आहे आणि मला ठाऊकच नव्हते. त्याने त्या धोंड्यावर तेल ओतले व जागेला नाव दिले बेथेल, म्हणजे देवाचे घर. नारायणरावांनी लबाडी केली नव्हती, एवढा फरक सोडून द्या. परंतु घर सुटलेला माणूस, मागे राहिलेला भाऊ आणि उघड्या माळावरचा धोंडा, हे सगळे जालन्याजवळच्या त्या नावात मला ऐकू येते. आपल्या शेतातही शेंदूर लावलेला धोंडा असतोच की. त्यामुळे ही कथा आमच्या शेतकऱ्याला परकी वाटत नाही.

१८७३ साली न्यूयॉर्कला निरनिराळ्या देशांतल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळींची मोठी परिषद भरली. तेथे नारायण शेषाद्री गेले ते डोक्याला पागोटे बांधून. अमेरिकन लोक माना वळवून पाहत राहिले. धर्म बदलला म्हणून पागोटे उतरले पाहिजे, असे त्यांना वाटले नाही. १८९१ साली समुद्रप्रवासातच त्यांचा देहान्त झाला.

गाव वसले, पण वाचणार कोण? ही अडचण मोठी होती. मराठीत शास्त्र उपलब्ध होते. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने बंगालमधल्या श्रीरामपुराहून १८११ साली नवा करार मराठीत छापला. पण ती मराठी इकडच्या लोकांच्या कानाला रुळेना. म्हणून अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली मुंबईत वेगळे भाषांतर काढले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू व ग्रीक शिकून खेड्यातल्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. १९२२ साली त्या वारल्या, पुस्तक १९२४ साली बाहेर पडले. एका बाईने एकटीने केलेले हे काम. आमच्या क्रमिक पुस्तकांत त्याला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत, याचे वाईट वाटते.

ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी ऐकून पाठ केले. मराठी माणसाला पाठांतर काय नवे! जात्यावर बसून ओव्या म्हणणाऱ्या बाईला स्तोत्र पाठ व्हायला वेळ लागत नाही. अडचण होती ती चालींची. परदेशी चालींवर बसवलेली गाणी म्हणताना आमच्या माणसाची जीभ अडखळे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, तेही नारायणच, १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगाचा आणि कीर्तनाचा छंद ख्रिस्ती उपासनेत आणला. मग टाळ आला, पेटी आली, मृदंग आला, आणि देवळातले गाणे ओसरीवर ऐकू येऊ लागले.

खेड्यातल्या ख्रिस्ती घराचा धर्म असाच दिसतो, लहानसहान गोष्टींत. भाकरीला हात लावण्याआधी दोन शब्दांची प्रार्थना. रात्री दिव्यापाशी एक शास्त्रपाठ. सुगी झाली की कापणीचा सण: कुणी जोंधळ्याची कणसे आणतो, कुणी भोपळा, कुणी कोंबडी, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव. दोन रुपयांची वस्तू चौपट किमतीला जाते आणि घेणारा हसत घेतो. नाताळच्या आधी तरुण मंडळी पेटी-ढोलकी घेऊन रात्री घरोघर गात हिंडतात. कंदिलाच्या जागी आता मोबाइलची बॅटरी आली आहे, चहा मात्र तोच. रविवारी सकाळी मुलांची शब्बाथ शाळा. मुले सुवर्णवचन पाठ करून येतात, विसरले की शेजाऱ्याकडे बघतात. रविवारची शाळा ही कल्पना इंग्लंडात ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली चालवली, ती आठवडाभर कामावर राबणाऱ्या पोरांसाठी. त्यांना एकच दिवस सुटी, म्हणून त्या दिवशी अक्षरओळख. म्हणजे मुळात ती वाचायची शाळा. मांगवाड्यातल्या मुलांच्या कामी ती आली, यात नवल नाही.

सगळे गोडच झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. जात वेशीबाहेर सोडून मंडळीत यावे, असे ठरले होते. ती मागल्या दाराने पुष्कळ ठिकाणी आत आली. आधीची जात कोणती, हे सोयरिकीच्या वेळी कुजबुजत विचारले जाते. आणि बाहेरच्या जगाने तर जात विसरूच दिली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी मुख्यतः हिंदूंपुरती ठरली. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना तीत स्थान मिळाले, ख्रिस्ती झालेल्यांना मिळाले नाही. त्यामुळे एकाच आजोबांच्या दोन नातवांपैकी एकाला सवलत आहे आणि दुसऱ्याला नाही. पुन्हा दोन भावांची दोन ताटे. त्यांतला दुसरा नातू शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यापाशी अडतो. समोर बसलेल्या गुरुजींना किंवा बाईंना त्या अडण्याचा अर्थ कळलेला असावा, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

शब्बाथ शाळेत याकोबाची गोष्ट निघाली की मुले शिडीपाशी फार वेळ थांबत नाहीत. कुणीतरी विचारतेच, "मग त्याच्या भावाचं काय झालं?" शास्त्रात तेही आहे. वीस वर्षे परमुलखात काढून याकोब माघारी निघतो. समोरून चारशे माणसे घेऊन एसाव येतो. याकोब भीतीने सात वेळा जमिनीपर्यंत लवतो. आणि एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो, दोघेही रडतात. पण तो पाठ लांब आहे, त्याला पुढचा रविवार लागतो.