वायू टरबाइन : पात्यांचे कार्य व शीतलन

तप्त आणि दाबयुक्त वायूच्या प्रवाहातील ऊर्जा फिरत्या दंडाला देणारा वायू टरबाइन एंजिनाचा भाग. संपीडक, ज्वलनकक्ष आणि टरबाइन हे या एंजिनाचे तीन मुख्य घटक होत. विमानांची झोत एंजिने, हेलिकॉप्टरे, युद्धनौका आणि वीजनिर्मिती केंद्रे यांत या एंजिनांचा उपयोग होतो. आधुनिक एंजिनांत टरबाइनात शिरणाऱ्या वायूचे तापमान १,५०० ते १,७०० °से.पर्यंत असते. पाती ज्या मिश्रधातूची असतात, तो मात्र साधारण १,३०० °से.च्या आसपासच वितळू लागतो. ही तफावत शीतलनाने भरून काढावी लागते. त्यामुळे एंजिनाची शक्ती, कार्यक्षमता आणि आयुष्य या तिन्ही गोष्टी पात्यांच्या शीतलनावर अवलंबून असतात.

कार्य : संपीडक बाहेरची हवा आत ओढून तिचा दाब वाढवतो. मोठ्या आधुनिक विमान एंजिनांत हा दाब बाहेरच्या दाबाच्या ४० पटींहून अधिक होतो. ज्वलनकक्षात इंधन जळून हवा आणखी तापते आणि टरबाइनाकडे जाते. टरबाइनाच्या प्रत्येक टप्प्यात पात्यांच्या दोन रांगा असतात. पहिल्या रांगेतील स्थिर पाती प्रवाहाचा वेग वाढवून त्याला तिरकी दिशा देतात. दुसऱ्या रांगेतील फिरती पाती त्याची दिशा पुन्हा बदलतात. दिशा बदलताना वायू पात्यांवर जो रेटा देतो, त्याने पाती बसवलेली चकती व दंड फिरतात. याच दंडावर संपीडक बसवलेला असतो. वीजनिर्मितीच्या टरबाइनात निर्माण होणाऱ्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग संपीडक चालवण्यातच खर्च होतो आणि उरलेली शक्ती जनित्राला मिळते. टरबाइनात शिरणारा वायू जितका तप्त, तितकी ही उरणारी शक्ती जास्त. म्हणूनच अभियंते तापमान वाढवण्याचा सतत प्रयत्न करतात.

पात्यांवरील ताण : विमान एंजिनांतील उच्चदाब टरबाइन मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेऊ शकते. त्यामुळे हातात मावेल एवढे पातेही आपल्या मुळाला कित्येक टनांच्या बळाने बाहेर ओढत असते. तापलेला धातू अशा सततच्या ताणाखाली हळूहळू लांबत जातो. धातूचे तापमान साधारण १० ते १५ °से.ने वाढले, तर पात्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. उष्ण वायूमुळे धातूचा पृष्ठभाग गंजतो. शिवाय एंजिन सुरू आणि बंद होताना धातू पुन्हा पुन्हा तापतो व निवतो, त्यामुळे त्याला तडे जाऊ शकतात.

शीतलनाच्या पद्धती : शीतलनासाठी संपीडकातीलच काही हवा ज्वलनकक्षाला वळसा घालून पात्यांकडे नेतात. दाबामुळे ही हवाही ६०० °से.च्या पुढे तापलेली असू शकते, तरीही ती पात्याबाहेरच्या वायूपेक्षा पुष्कळ थंड असते. ज्वलनकक्षातून जाताना मुख्य प्रवाहाचा दाब काही टक्क्यांनी घटतो. शीतलनाच्या हवेचा दाब त्याहून थोडा जास्त राहतो, म्हणूनच ती पात्यातून बाहेर पडू शकते.

पाते आतून पोकळ असते. हवा त्यातील नागमोडी मार्गांतून फिरते आणि भिंतींवरच्या बारीक कडांमुळे खळबळून अधिक उष्णता शोषते. पात्याच्या पुढच्या कडेला सर्वाधिक झळ लागते. तिथे आतल्या बाजूवर हवेचे बारीक झोत आदळवतात. मागच्या निमुळत्या कडेत छोट्या खुंट्यांच्या रांगा असतात. त्या शीतलनाचे क्षेत्र वाढवतात आणि पात्याला बळकटीही देतात. शेवटी ही हवा सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांतून बाहेर येऊन पात्यावर पातळ थर धरते. त्यामुळे तप्त वायू धातूला थेट भिडत नाही. छिद्रांचा कोन चुकला, तर हवा पृष्ठभागाला न चिकटता वर उसळते आणि संरक्षण जाते.

आधुनिक एंजिनांत संपीडित हवेचा सुमारे पाचवा हिस्सा शीतलनावर खर्च होऊ शकतो. ती दाबण्यासाठी शक्ती लागलेली असते, पण ज्वलनात तिचा भाग नसतो. म्हणून कमीत कमी हवेत पाते सुरक्षित ठेवणे, हीच अभिकल्पातील खरी कसोटी असते. वेल्समधील बॅग्लन बे वीजकेंद्रात २००३ पासून वापरलेल्या टरबाइनात हवेऐवजी बंदिस्त मार्गातून वाफ खेळवून पाती थंड ठेवण्यात आली.

धातू आणि लेप : पाती निकेलच्या मिश्रधातूंची असतात. ती मेणाच्या नमुन्यावरून केलेल्या साच्यात ओततात. पात्याच्या पोकळीसाठी साच्यात सिरॅमिकचा गाभा ठेवतात आणि धातू गोठल्यावर तो तीव्र अल्कलीत विरघळवून काढतात. नेहमीच्या ओतकामात धातू अनेक स्फटिककणांचा बनतो. ताणाखाली त्या कणांच्या सीमांपाशी कमजोरी येते. म्हणून साचा भट्टीतून सावकाश बाहेर काढून संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे वाढवतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रवासी विमानांच्या एंजिनांत अशी पाती वापरात आहेत. त्यांवर यिट्रियम ऑक्साइडाने स्थिर केलेल्या झिर्कोनियम ऑक्साइडाचा उष्णतारोधक लेप देतात. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा हा लेप आतल्या शीतलनाच्या जोडीने धातूचे तापमान शंभर अंशांहून अधिक खाली ठेवू शकतो. वाळू, धूळ आणि ज्वालामुखीची राख हे या लेपाचे शत्रू होत. त्या वितळून लेपात मुरतात आणि शीतलनाची छिद्रे बुजवतात.

इतिहास : फ्रँक व्हिटल यांचे झोत एंजिन १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम चालले. हान्स फॉन ओहाइन यांच्या एंजिनावर हाइंकेल १७८ या जर्मन विमानाने २७ ऑगस्ट १९३९ रोजी उड्डाण केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत निकेलची टंचाई होती. त्यामुळे युमो ००४ एंजिनात साध्या मिश्रधातूची, हवेने थंड होणारी पोकळ पाती वापरली गेली.

भारतात : रायगड जिल्ह्यातील उरण येथे महानिर्मितीचे ६७२ मेगावॉटचे वायू टरबाइन वीजकेंद्र आहे. बंगळूरु येथील गॅस टरबाइन संशोधन आस्थापनेने ‘कावेरी’ एंजिन विकसित केले. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने एकस्फटिकी पाती ओतण्याचे तंत्र आत्मसात केले. २०२१ मध्ये तिने हेलिकॉप्टर एंजिनासाठी अशी ६० पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली. हे तंत्र जगातील मोजक्याच देशांकडे आहे, आणि स्वतःचे विमान एंजिन घडवू पाहणाऱ्या देशाला ते टाळता येत नाही.